भाचीला लंडनला 'कॉल टू द बार' झालाय, पण लायसन्स नाही म्हणते, मग नक्की काय झालं?

कोथरूडकर_मामा

नमस्कार मंडळी, कायद्यातलं मला शून्य कळतं, मी आयुष्यभर कारखान्यात मशीनवर काम केलंय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझी भाची बारावीनंतर इंग्लंडला गेली, तिथे तीन वर्षांची एलएलबी केली, मग एक वर्षाचा बार कोर्स केला आणि परवा लिंकन्स इनमध्ये तिचा कॉल झाला, फोटो आले, गाऊन वगैरे घालून एकदम झकास. इकडे घरात दिवाळी. तिच्या आजोबांनी (म्हणजे माझे वडील, वय ८४) लगेच दारावर लावायला पाटी सांगितली, बॅरिस्टर अमुक तमुक, आणि सोसायटीतल्या पोरांनी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलंय. तर भाचीचा काल फोन, म्हणे मामा प्लीज थांबवा त्यांना, मी अजून प्रॅक्टिस करू शकत नाही, लायसन्स नाहीये, आधी प्युपिलेज (म्हणजे कसलीशी उमेदवारी) मिळायला पाहिजे. आता मला सांगा, परीक्षा पास झाली, समारंभ झाला, सर्टिफिकेट हातात आहे, मग अजून कसलं लायसन्स? आणि प्युपिलेज मिळेपर्यंत ती पुण्यात येऊन शिवाजीनगर कोर्टात एखाद्या वकिलाच्या हाताखाली उभी राहू शकते का? घरातले सगळे मलाच विचारतायत कारण इंटरनेट मला येतं असा त्यांचा समज आहे.

तारीख_पे_तारीख

मामा आधी अभिनंदन. मी शिवाजीनगरला प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली, मुख्यतः दिवाणी कामं. इकडचं सांगतो, तिकडचं जाणकार सांगतील.

शिवाजीनगरला उभं राहायचं असेल तर सनद पाहिजे, बस. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३३ बघा, ज्याचं नाव राज्याच्या बार कौन्सिलच्या रोलवर आहे त्यालाच प्रॅक्टिस करता येते, आणि सनद नसताना केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कलम ३२ मध्ये कोर्ट एखाद्या प्रकरणापुरती कुणालाही परवानगी देऊ शकतं पण तो अपवाद, त्यावर कुणी करिअर करत नाही. तर भाची लंडनची बॅरिस्टर असली तरी इथे कोर्टाच्या नजरेत ती प्रेक्षक. साधा मुदतीचा अर्जसुद्धा ती देऊ शकणार नाही, वकीलपत्रावर सही तर लांबच.

ऑफिसात बसून रिसर्च करणं, ड्राफ्ट करणं, सिनिअरबरोबर कोर्टात येऊन मागे बसून ऐकणं, हे सगळं चालतं, त्याला कुणाची हरकत नाही. माझ्याकडे असे इंटर्न येतात. फक्त काळा कोट आणि गळ्यातला पांढरा बँड घालून फिरायचं नाही, ते वकिलाचं आहे, पक्षकार वकील समजून हातात कागद देतात आणि मग भानगड होते.

आता तुम्ही म्हणाल मग सनद काढू. तिथे अडचण अशी की परदेशी डिग्री बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य करायला लागते, त्यात भारतीय नागरिकाने परदेशात एलएलबी केली असेल तर त्यांची क्वालिफाइंग परीक्षा द्यावी लागते (आपल्या घटना, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया असले विषय), आणि बारावीनंतर थेट तीन वर्षांची एलएलबी हा इकडचा नेहमीचा अडसर आहे, कारण आपल्याकडे एकतर पदवीनंतर तीन वर्षं नाहीतर बारावीनंतर पाच. म्हणून आधी कौन्सिलला लेखी अर्ज करून तिच्या केसमध्ये काय काय लागेल ते त्यांच्याकडून कागदावर घ्या, व्हॉट्सॲपवरच्या माहितीवर जाऊ नका, माझ्याही नाही.

मेघना_मँचेस्टर

मामा मी मूळची सदाशिव पेठेतली, सध्या इकडे चेंबर्समध्ये (म्हणजे बॅरिस्टर मंडळींच्या सामायिक ऑफिसात) आहे, प्युपिलेज संपवून थोडी वर्षं झाली. तुमची भाची शहाणी आहे, तिने फ्लेक्स थांबवायला सांगितला ते एकदम बरोबर केलं.

इथे दोन वेगळ्या संस्था आहेत हे आधी लक्षात घ्या म्हणजे सगळा गुंता सुटतो. कॉल करते ती इन. इन चार आहेत, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल, ग्रेज इन, या शेकडो वर्षं जुन्या आणि आयुष्यभराच्या मेंबरशिपच्या संस्था. बार कोर्स पास, इनची ठरलेली क्वालिफाइंग सेशन्स पूर्ण (ही आता दहा आहेत, पूर्वी बारा असायची), आणि माणूस चालचलणुकीला बरा आहे याची तपासणी झाली की इन कॉल करते आणि तुम्ही बॅरिस्टर होता, ते खरंच आहे, लायसन्स नाही म्हणून ते कुणी काढून घेत नाही. पण प्रॅक्टिस करायचं सर्टिफिकेट देतं बार स्टँडर्ड्स बोर्ड. ते नसेल तर तुम्ही 'अनरजिस्टर्ड बॅरिस्टर', म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणं आणि कायद्याने राखून ठेवलेली बाकीची कामं करायची नाहीत, आणि कायद्याची सेवा देताना स्वतःला बॅरिस्टर म्हणवून घ्यायचं नाही. राखीव कामं कुठली ती लीगल सर्व्हिसेस ॲक्ट २००७ मध्ये लिहिलीयत आणि अधिकार नसताना ती करणं किंवा अधिकार आहे असं भासवणं हा तिकडे गुन्हा आहे. त्यामुळे कोथरूडच्या चौकात फ्लेक्स लागला म्हणून लंडनहून कुणी येणार नाही, पण त्याखाली 'कायदेविषयक सल्ला मिळेल' आणि फोन नंबर टाकला की भाचीला पुढे त्रास. आजोबांची पाटी घराच्या दारावर, कौतुकापुरती, त्याला माझ्या मते काही होत नाही, लावू द्या त्यांना.

आता प्युपिलेज. बारा महिने असतं, दोन भागांत. पहिल्या सहा महिन्यांना सगळे फर्स्ट सिक्स म्हणतात, यात लायसन्स लागतच नाही कारण तुम्ही स्वतः काहीच करत नाही, सुपरवायझरच्या मागे मागे फिरायचं, त्याच्या केसचे कागद वाचून त्यावर आपलं मत लिहून द्यायचं, ते तो लाल पेनाने रंगवून परत देतो, कोर्टात त्याच्या मागे बसून नोट्स घ्यायच्या. फार तर परवानगी घेऊन नोटिंग ब्रीफ घेता येतं, म्हणजे कुणासाठी तरी सुनावणीत बसून काय काय झालं ते टिपून द्यायचं. हे सहा महिने नीट झाले, ॲडव्होकसीचा कोर्स झाला आणि सुपरवायझरने सही केली की बोर्डाकडे अर्ज करून प्रोव्हिजनल प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट मिळतं, आणि मग सेकंड सिक्समध्ये स्वतःच्या केसेस. वर्ष पूर्ण झालं आणि प्रोफेशनल एथिक्सची परीक्षा पास असली की पूर्ण सर्टिफिकेट. तेही कायमचं नाही हं, १ एप्रिल ते ३१ मार्च असं वर्षाचं असतं, दर वर्षी रिन्यू करायचं आणि फी आपल्या कमाईच्या पट्टीप्रमाणे भरायची.

कोथरूडकर_मामा

मेघनाताई फार उपकार, पहिल्यांदा डोक्यात शिरलं. म्हणजे हे आरटीओच्या लर्निंग लायसन्ससारखं झालं ना? आणि या वर्षभरात तिला पगार मिळतो का का आपणच पैसे पाठवायचे, कारण बार कोर्सलाच एवढे गेलेत की माझा मेव्हणा अजून नीट झोपत नाही.

मेघना_मँचेस्टर

लर्निंग लायसन्ससारखं नाही, हाच तर गंमतीचा भाग आहे. लर्निंगला शेजारी पक्क्या लायसन्सवाला बसलेला असतो. इथे फर्स्ट सिक्समध्ये तुम्ही मागच्या सीटवर, आणि सेकंड सिक्सच्या पहिल्या सोमवारी एकदम एकट्या गाडीत. सुपरवायझर शेजारी नसतो, तो त्याच्या केसला दुसऱ्या गावात असतो, तुम्ही सकाळी ट्रेनने कुठल्यातरी मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता, आदल्या संध्याकाळी क्लार्कने पाठवलेले कागद रात्री वाचलेले असतात, अशील तिथे पहिल्यांदा भेटतो आणि विचारतो तुम्ही किती वर्षं हे काम करताय. कागदोपत्री तुम्ही त्याच्या देखरेखीखाली आणि विमासुद्धा सुपरवायझरच्या विम्यातच मोडतो, अडलं तर फोन करता येतो, पण जज्जासमोर तोंड तुमचंच. उलट कोर्टाच्या दृष्टीने प्रोव्हिजनलवाल्याला बाजू मांडायचा हक्क पूर्ण असतो, अर्धा वगैरे नाही.

पैसे, हो मिळतात, आणि ते सक्तीचं आहे. बिनपगारी प्युपिल ठेवता येत नाही. २०२४ साली किमान रक्कम लंडनमध्ये वर्षाला २३,०७८ पौंड आणि बाहेर २१,०६० पौंड होती, दर वर्षी ती वाढवतात. ट्रेनिंगसाठीचा प्रवास चेंबर्सनेच द्यायचा. मोठ्या कमर्शियल चेंबर्स याच्या कितीतरी पट देतात, क्रिमिनल आणि फॅमिलीवाल्या मात्र किमानच्या आसपास. रुपयांत गुणाकार करून पंचवीस लाख म्हणून खूश होऊ नका, लंडनचं घरभाडं गेलं की काय उरतं ते मला माहितीये.

खरी मारामारी प्युपिलेज मिळायची आहे. वर्षाला जागा काही शेकडो आणि अर्ज करणारे काही हजार, त्यात मागच्या वर्षांचे राहिलेले परत येतात. भाचीला सांगा कोर्स पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांच्या आत प्युपिलेज सुरू व्हायला पाहिजे, तो खिडकीचा हिशोब डोक्यात ठेव. आणि जिथे करशील ती जागा बोर्डाने ट्रेनिंगसाठी मान्य केलेली आहे का आणि प्युपिलेजची रीतसर नोंद झालीये का ते स्वतः बघ, ओळखीच्या बॅरिस्टरबरोबर असंच वर्षभर काम केलं तर अनुभव मिळतो पण तो लायसन्ससाठी धरत नाहीत. आपल्याकडची पोरं इथे फसतात.

पर्वती_पायथा_काका

बॅरिस्टर म्हटलं की आमच्या पिढीचे कान टवकारतात म्हणून लिहितो. पूर्वी हे प्युपिलेज बिपिलेज सक्तीचं नव्हतं बरं का! गांधीजींचं बघा, १० जून १८९१ ला कॉल झाला, ११ ला लंडनच्या हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ ला बोट धरली. तीन दिवसांत सगळं आटोपलं. आंबेडकर ग्रेज इनचे, १९२२ चा कॉल, आणि त्यानंतर मुंबई हायकोर्टात प्रॅक्टिस. आपल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर, त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात मी अभ्यास केलाय. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या डेक्कन कॉलेजच्या, ऑक्सफर्डला १८९२ ला कायद्याची परीक्षा दिली पण बायकांना बारमध्ये घेतच नव्हते, कायदा १९१९ ला बदलला आणि बाईंना कॉल मिळाला १९२३ ला, एकतीस वर्षं थांबल्या बाई!! तेव्हा मामा तुमच्या भाचीला सांगा वर्षभराची वाट म्हणजे काहीच नाही.

आता या वकीलसाहेबांना विचारतो, तेव्हा लंडनहून आले की इथे उभे राहायचे ना, मग आत्ता का नाही? कधी बदललं हे?

तारीख_पे_तारीख

काका छान माहिती. कायद्यातच उत्तर आहे, कलम २४ वाचा. पात्रतेच्या यादीत बॅरिस्टरचा उल्लेख अजूनही छापलेला आहे पण पुढे अट, कॉल ३१ डिसेंबर १९७६ ला किंवा त्याआधी झालेला असावा. म्हणजे बॅरिस्टर या नात्याने थेट सनद घेण्याचा रस्ता तेव्हाच बंद झाला, त्यानंतरच्यांनी डिग्रीच्या वाटेने यायचं. लोकांच्या डोक्यात मात्र अजून जुनाच काळ आहे, माझ्याकडे एक पक्षकार आले होते, म्हणे आम्हाला बॅरिस्टरच पाहिजे, साधा वकील नको. त्यांचा दावा कंपाऊंडच्या भिंतीचा.

मेघना मॅडमचं वाचून एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे ट्रेनिंगची सक्तीच नाही. मूळ कायद्यात होती, ती १९७३ च्या दुरुस्तीने काढली, मग बार कौन्सिलने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाची उमेदवारी परत आणली आणि सुप्रीम कोर्टाने १९९९ साली सुदीर केसमध्ये ते नियम रद्द केले, कारण एवढा अधिकार कायद्याने कौन्सिलला दिलेलाच नव्हता. निकाल कायद्याने बरोबर असेल, पण परिणाम काय, आज सनद मिळालेलं पोरगं उद्या सेशन्स कोर्टात खुनाची केस चालवायला मोकळं. कायदा अडवत नाही. त्याला कोण शिकवणार तर सिनिअर, आणि सिनिअर चांगला भेटला तर नशीब, नाहीतर तारखा घ्यायला आणि झेरॉक्स काढायला ठेवतात. पैशांचं तर बोलूच नका, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० महिना द्या, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि शिफारशीने कुणाचं पोट भरल्याचं मी पाहिलेलं नाही. इंग्लंडवाल्यांनी बिनपगारी ठेवायलाच बंदी केली हे मला त्यांच्या सगळ्या गाऊन-विगपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

फायनल_इयर_पोरगी

सर मध्येच घुसते सॉरी, मी लॉ कॉलेज रोडवरच शिकते, शेवटचं वर्ष. सनदेची फी आता ७५० च आहे ना? माझ्या सिनिअर्सनी हजारोंनी भरलेत. आणि एआयबीई (सनदेनंतरची बार कौन्सिलची परीक्षा) द्यायच्या आधी कोर्टात उभं राहता येतं का, कॉलेजमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तारीख_पे_तारीख

घुस गं, बिनधास्त. हो, सुप्रीम कोर्टाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे, गौरव कुमार केस, खुल्या वर्गाला ७५० आणि एससी एसटीला १२५, त्यावर एन्रोलमेंटसाठी वेगवेगळ्या नावांनी पैसे लावायचे नाहीत. पण तो निकाल पुढच्यासाठी आहे, आधी भरलेले परत मिळणार नाहीत, सिनिअर्सना आशेला लावू नको. एआयबीईची फी वेगळी, ती यात धरू नको.

एन्रोलमेंट झालं की सनद आधी प्रोव्हिजनल असते आणि तिच्यावर उभं राहता येतं, दोन वर्षांच्या आत परीक्षा पास व्हायची, मग सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस. परीक्षा १०० प्रश्नांची, निगेटिव्ह मार्किंग नाही, बिना टिपणांचे बेअर ॲक्ट (नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं) नेता येतात, खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि एससी एसटीला ४०. तिच्या वैधतेवर बराच वाद होता तो फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने मिटवला, परीक्षा राहणार. लोक पुस्तक नेता येतं म्हणून अभ्यास करत नाहीत आणि हॉलमध्ये सेक्शन शोधत बसतात, तसं करू नको.

आणि जेएमएफसीचं, म्हणजे खालच्या कोर्टात न्यायाधीश व्हायचं, डोक्यात असेल तर प्रोव्हिजनल सनदेची तारीख महत्त्वाची, कारण २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीये आणि ती वर्षं प्रोव्हिजनल एन्रोलमेंटपासून मोजायची आहेत. म्हणून निकाल लागला की सनदेचा फॉर्म टाक, फिरायला जायचं ते नंतर जा.

कोथरूडकर_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लेक्स रद्द केलाय, पोरं नाराज झाली, त्यांना गणपतीत काम देतो. पाटीवर बाबा ठाम आहेत, ती लागणार. भाचीशी रात्री बोललो, ती म्हणते मामा प्युपिलेज मिळेपर्यंत नुसतं बसून काय करू, तिकडे पॅरालीगलची (वकिलाच्या ऑफिसातल्या मदतनीसाची) नोकरी करायची म्हणते, आणि मध्येच सॉलिसिटर हो असं तिला कुणीतरी सांगितलंय. ते वेगळं असतं का? ताई जरा सांगता का.

मेघना_मँचेस्टर

वेगळं असतं, सॉलिसिटर म्हणजे अशिलाचं काम थेट घेऊन मुख्यतः ऑफिसातून चालवणारा वकील, आणि चांगला सल्ला दिलाय कुणीतरी. पॅरालीगल म्हणून सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करायला बॅरिस्टरचं लायसन्स लागत नाही, फक्त ईमेलखाली स्वतःला बॅरिस्टर लिहायचं नाही. सॉलिसिटर व्हायला १ सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आहे, दोन टप्प्यांची, आणि जोडीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव. तो अनुभव चार वेगवेगळ्या ठिकाणांपर्यंत तुकड्यांत चालतो आणि पॅरालीगलचं काम त्यात धरलं जातं, फक्त तो प्रमाणित करणारा माणूस ठराविक लागतो, सहसा सॉलिसिटर. हे परदेशातलं कामही चालतं, म्हणजे पुण्यात एखाद्या फर्ममध्ये केलेलं कामसुद्धा, पण ते सही करून देणारा इंग्लंडचा सॉलिसिटर हवा, आणि पुण्यात असा माणूस शोधणं हेच एक काम आहे.

म्हणजे ती नोकरी करता करता दोन्ही दारं उघडी ठेवू शकते. चेंबर्सच्या मुलाखतीतही रिकामं वर्ष विचारतात, पॅरालीगलचं वर्ष कुणी विचारत नाही. अर्जांचं असं आहे की बहुतेक चेंबर्सचे फॉर्म प्युपिलेज गेटवे नावाच्या एकाच पोर्टलवर जानेवारीत भरले जातात, आणि ऑफर मे महिन्यात. एका वेळी वीस चेंबर्सना अर्ज करता येतो. तिला सांगा सगळे वीस लंडनमध्ये टाकू नको, मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम बघ, इकडे स्पर्धा जरा कमी आणि सेकंड सिक्समध्ये उभं राहायला कामही भरपूर. क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस (फौजदारी खटले चालवणारं सरकारी वकिलांचं खातं) आणि इतर सरकारी खात्यांतही प्युपिलेज असतात, तिकडे पगारी नोकरी म्हणून, ते लोक विसरतात. व्हिसा कुठल्या प्रकारचा लागेल ते मात्र आधी बघून ठेवा, ऑफर हातात आल्यावर धावाधाव नको.

फॉर्म भरायच्या आधी तिला मला इथेच मेसेज करायला सांगा, उत्तरं वाचून देईन. पुणेरी शेरे मारून देईन पण देईन.